जुन्या काँक्रीट स्टेडियमचे जतन व भूकंपरोधक मजबुतीकरण

जुने आरसीसीचे (लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचे) स्टेडियम न पाडता, त्याचे मूळ रूप शक्य तितके राखून दुरुस्त करणे आणि भूकंपाचा हादरा सोसण्याइतके सक्षम करणे, असे हे दुहेरी काम आहे. स्थापत्य, वारसा-जतन आणि सार्वजनिक सुरक्षितता अशा तिन्ही क्षेत्रांशी त्याचा संबंध येतो, आणि तिघांच्या मागण्या क्वचितच जुळतात.

पुण्यात वारसा म्हटला की शनिवारवाडा, विश्रामबागवाडा डोळ्यांपुढे येतो. स्वारगेटजवळचे, १९६९ साली उभे राहिलेले पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम सहसा कोणाला आठवत नाही. काँक्रीट म्हणजे कालची गोष्ट, हा समज पक्का आहे. प्रत्यक्षात या वास्तूने पन्नाशी केव्हाच ओलांडली. ५ डिसेंबर १९८४ रोजी येथे भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना झाला. त्यात दिलीप वेंगसरकरांनी शतक काढले, तरी सामना इंग्लंडने जिंकला. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकात केनियाने १६६ धावा करून वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळले तेही इथेच. २०१२ पासून गहुंजेचे नवे मैदान वापरात आले आणि मोठे सामने शहराबाहेर गेले.

या वास्तूचा काळ भूकंप-अभियांत्रिकीच्या दृष्टीने लक्षणीय आहे. दख्खनचे पठार स्थिर मानले जात असे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे पुण्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर कोयनेला मोठा भूकंप झाला आणि तो समज मोडला. त्यानंतर आयएस १८९३ या भारतीय मानकातील भूकंपक्षेत्रांचा नकाशा १९७० मध्ये सुधारण्यात आला. या मानकाच्या २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांनुसार पुणे तिसऱ्या क्षेत्रात येते व क्षेत्रगुणांक (भूकंपबल काढताना वापरायचा त्या क्षेत्राचा आकडा) ०.१६ धरला जातो. हादऱ्यात बांधकाम एकाएकी न तुटता वाकावे म्हणून सळया कशा मांडायच्या याचे स्वतंत्र मानक, आयएस १३९२०, आले ते मात्र १९९३ मध्ये. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांतल्या आरसीसी बांधकामांत ही काळजी सहसा घेतलेली नसते. हा दोष बांधणाऱ्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. तेव्हा नियमच तसे होते.

स्टेडियमची खरी अडचण त्याच्या आकारातच असते. प्रेक्षकांच्या पायऱ्या तिरक्या तुळयांवर बसतात आणि तुळया कॉलमवर. मैदानाकडचे कॉलम आखूड, मागचे उंच. जमीन आडवी हलली की ताठ असलेले आखूड कॉलम आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त बल ओढून घेतात आणि तिरके तडकून एकाएकी निकामी होतात. त्यातच उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगा लांब-लांब अंतरावर टाकलेल्या आणि त्यांचे आकडे (टोकाचे वाक) नुसते काटकोनात वळवलेले असले, की वरचे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, निघताच त्या उघडतात आणि आतली उभी सळई बाहेर फुगते. म्हणून हल्ली आकडा १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात घुसवतात. पायऱ्यांखाली नंतर गाळे काढून दोन कॉलमांच्या मध्ये अर्ध्या उंचीपर्यंत विटांच्या भिंती घातल्या, तर उंच कॉलमही आखूड कॉलमसारखे वागू लागतात. बऱ्याच स्टेडियममध्ये भाड्यासाठी हे होते, आणि नकाशावर त्याची नोंद बहुधा नसते. छत पुढे झेपावलेले असेल तर वर-खाली होणाऱ्या हादऱ्याचाही हिशेब करावा लागतो.

पुण्यात बऱ्याच ठिकाणी थोड्या खोलीवर काळा कातळ लागतो, ही जमेची बाजू; ओढ्याकाठच्या भरावावर मात्र ती गृहीत धरता येत नाही.

भूकंप क्वचित येतो, पावसाळा दरवर्षी. उघड्या पायऱ्यांतून पाणी झिरपते, हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटची, सळईला गंजापासून वाचवणारी अल्कता घटवतो आणि सळईला गंज चढतो. गंज फुगतो, तसे कव्हर पोपड्यांसारखे सुटते. तपासणीत काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर फेनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारे रसायन शिंपडतात. गुलाबी झालेला भाग अजून शाबूत, न रंगलेला भाग अल्कता गमावलेला. रंगाची कड सळईपर्यंत पोहोचली असेल तर नुसता गिलावा मारून उपयोग नसतो. जोडीला कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढून ताकद मोजतात, अल्ट्रासॉनिक चाचणी घेतात आणि मूळ नकाशे हाती नसल्यास सळई शोधक यंत्राने लोखंड हुडकतात. जुन्या इमारतींच्या मूल्यमापनाचे आयएस १५९८८ हे मानक २०१३ चे आहे. इमारतीच्या उरलेल्या आयुष्यानुसार ते भूकंपबलात काही सूट देते.

सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे जॅकेटिंग. कॉलमभोवती नव्या सळया व रिंगा बांधून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचे, सहज पसरणारे काँक्रीट) ओततात. ते खात्रीचे आहे, पण कॉलम जाडजूड होतो. फळ्यांच्या सेंट्रिंगचे ठसे मिरवणारे उघडे काँक्रीट हेच ज्या वास्तूचे सौंदर्य, तिथे असे जॅकेट म्हणजे तिचा चेहराच झाकणे. कार्बन तंतूंचे पट्टे पातळ असतात, पण त्यांच्यावर लेप द्यावा लागतोच. त्यापेक्षा पायऱ्यांखाली, प्रेक्षकाला न दिसणाऱ्या भागात काही नव्या कातरभिंती (आडवे बल पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) उभारून आडवे बल तिकडे वळवणे अधिक शहाणपणाचे. दर्शनी कॉलमना मग हात कमी लावावा लागतो.

अहमदाबादच्या नवरंगपुऱ्यातील सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम हे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि अभियंता महेंद्र राज यांचे काम. १९८१ मध्ये भारतातला पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना तिथे झाला. त्याच्या जतन-आराखड्याला अमेरिकेतील गेटी फाउंडेशन या संस्थेने २०२० मध्ये अनुदान दिले. महेंद्र राज यांचेच दिल्लीतील हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन-दालन मात्र २०१७ मध्ये पाडले गेले. अमेरिकेत बर्कलीचे १९२३ चे कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियम थेट हेवर्ड प्रस्तरभंगावर (जमिनीतील सरकत्या भेगेवर) आहे. २०१० ते २०१२ दरम्यान त्याची ऐतिहासिक बाह्यभिंत राखून आतले बांधकाम नव्याने झाले आणि भंगावरचे भाग स्वतंत्रपणे सरकतील असे ठेवले. पुण्यात एवढ्या टोकाला जाण्याची गरज नाही. इथे पाणी अडवणे, भिंतींमुळे आखूड झालेले कॉलम मोकळे करणे आणि दोन भागांमधल्या फटी साफ करणे यांतूनच बरेच साधते.

या फटी स्टेडियमचे वेगवेगळे भाग एकमेकांवर आदळू नयेत म्हणून ठेवलेल्या असतात. गळती थांबवायला कोणीतरी त्यांत सिमेंट भरते. दुरुस्तीनंतर तिथे लवचिक सीलंट घालतात, पण ऊन-पावसाने ते कडक होते व ठरावीक काळाने बदलावे लागते. म्हणून देखभालीच्या निविदेत हे काम वेगळी बाब म्हणून लिहितात. नाहीतर रंगकामाच्या ठेक्यात फट पुन्हा बुजवली जाते.