शंभरपैकी शंभर, पण भाकरी?

अर्धांगवायूनंतर रुग्ण स्वतःचे स्वतः किती करतो, हे मोजायला जगभर बार्थेल निर्देशांक वापरतात. जेवण, आंघोळ, कपडे, चालणे, जिना अशा 10 बाबी, एकूण गुण 100. फ्लोरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी तो 1965 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला, तेव्हाच बजावले होते की पूर्ण गुण मिळालेल्या माणसाला एकट्याने राहणे, स्वयंपाक करणे जमेलच असे नाही. त्यांच्या सूचनांत जेवताना लोणी लावता येणेही मोजले आहे. आपल्याकडे पाहायचे ते भाकरी मोडून कालवणात चुरता येते का, मांडी घालून बसून उठता येते का.

म्हणून चांगला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठी उपचार करणारा तज्ज्ञ, आधी विचारतो, “तुम्हाला पुन्हा काय करायचंय?” समजा, डाव्या अंगावरून वारे गेलेल्या आजी म्हणाल्या, “भाकरी.” मग तपासणी परातीपाशीच व्हायला हवी. पीठ मळताना डाव्या खांद्यातून जोर येतो का? उजवा हात थापत असताना डावा कड सावरतो का? तव्याची धग बोटांना कळते का? पाणी कधी फिरवायचे, कधी उलटायचे, हा क्रम लक्षात राहतो का? या आजींसारखी मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, तर नजर शाबूत असूनही काहींचे डावीकडचे भान सुटते. डाव्या बाजूला ठेवलेले पीठ त्यांच्या ध्यानातच येत नाही. पकडीचा जोर किलोत मोजणारे यंत्र यातले काहीच सांगत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी 1950 मध्ये ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले, तरी ही थेरपी म्हणजे हाताचे व्यायाम असा समज अजून घरोघरी आढळतो, याची खंत वाटते.

कॅनडात 1991 मध्ये आलेल्या एका मापनात तर गुण रुग्णच देतो: काम किती जमते आणि त्यात समाधान किती, दोन्हींना 1 ते 10. उपचारांनंतर पुन्हा विचारतात. 2 गुणांची वाढ अर्थपूर्ण मानतात. ही वाढ हाताची ताकद न वाढताही होऊ शकते. परातीखाली न घसरणारी रबरी चटई घातली, ओट्यापाशी योग्य उंचीचे स्टूल ठेवले, तर आजी स्वतःला 3 ऐवजी 6 देऊ शकतील.