हातभर अंतरावरची जादू: गारुड्याच्या वाट्यांपासून पत्त्यांच्या कॅटपर्यंत

जादू म्हटली की आपल्याकडे आधी रंगमंच डोळ्यांपुढे येतो. जादूगार रघुवीरांचे (१९२४–१९८४) प्रयोग पाहिलेल्या पिढीसाठी तर जादू म्हणजे पडदा, दिवे आणि तिकीट. पण लग्नाच्या आदल्या रात्री गच्चीत रंगणारी, कुणाच्या तरी खिशातून कॅट निघाला की सुरू होणारी जादू वेगळ्या घराण्यातली. तिला ना रंगमंच लागतो ना सहायक. प्रेक्षक हातभर अंतरावर, आणि तोही चुलतभाऊ, म्हणजे मुद्दाम वाकून बघणारा. या जादूचं वैशिष्ट्य असं की ती धंदेवाईकांनी जन्माला घातली, पण वाढवली बरीचशी हौशी लोकांनी. ज्यांचं पोट दुसऱ्याच कामावर चालायचं अशांनी.

सुरुवात वाट्या-गोळ्यांपासून, म्हणजे पालथ्या वाटीखालची गोळी गायब करून भलत्याच वाटीखाली काढण्याच्या खेळापासून करावी लागते. इजिप्तमधल्या बेनी हसन इथल्या थडग्याच्या भिंतीवरचं एक चित्र याच खेळाचं म्हणून सर्रास दाखवलं जातं: दोन माणसं समोरासमोर बसलेली, मध्ये पालथी भांडी. त्यात जादूचा खेळ आहे असं म्हणायला भक्कम आधार नाही, दुसराच कुठला खेळ असण्याची शक्यता जास्त. भक्कम पुरावा रोमन काळातला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन तत्त्वज्ञ सेनेका एका पत्रात पेल्यांचा खेळ करणाऱ्यांचा उल्लेख करतो. त्यातली फसवणूकच मला आवडते, ती कशी होते हे कळलं की गोडी संपते, असा त्याचा सूर. एवढं नेमकं निरीक्षण नंतरही फारसं कुणी केलेलं नाही.

आपला गारुडी हाच खेळ करायचा, पण त्याची वाटी निराळी. युरोपातला पेला उंच, धातूचा आणि टेबलावर ठेवायचा. भारतीय वाटी बुटकी, बहुधा लाकडी आणि डोक्यावर बोंड असलेली. हे बोंड शोभेसाठी नसतं. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या बेचक्यात ते धरलं की वाटी उचलता-ठेवताना उरलेली बोटं मोकळी राहतात, आणि सगळी करामत त्या मोकळ्या बोटांची. गोळ्या चिंध्यांच्या, कारण चिंधी आवाज करत नाही आणि बोटांमध्ये दबते. हे सगळं मांडी ठोकून, चारी बाजूंनी माणसं उभी असताना करायचं. पाठीमागे भिंत नाही, बाह्या लांब नाहीत. आजचे कितीतरी शिकलेसवरलेले जादूगार या परिस्थितीत दोन मिनिटं टिकणार नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

या कलेचा बोलबाला बाहेर बराच झाला. रामो सामी नावाचा हिंदुस्थानी खेळकरी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लंडनमध्ये गाजत होता. इंग्रज निबंधकार हॅझलिटने १८२१ मध्ये ‘हिंदुस्थानी खेळकरी’ अशा नावाचा निबंधच लिहिला. घरी मात्र उलटा न्याय. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ मधली भिकेची व्याख्या अशी की गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करून दाखवणं अशा मिषाने सार्वजनिक जागी पैसे मागणंही तीत बसतं. म्हणजे रस्त्यावर वाट्या मांडून बसलेला कलावंत कायद्याच्या डोळ्यांनी भिकारी. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. तिथे भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. वाट्यांचा खेळ आपल्याकडे बापाकडून मुलाकडेच गेला, पुस्तकात फारसा उतरला नाही आणि दिवाणखान्यातही शिरला नाही.

इंग्लंडमध्ये तो पुस्तकात उतरला, तोही एका विचित्र कारणाने. रेजिनाल्ड स्कॉट हा केंट परगण्यातला जमीनदार. बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या लागवडीवर त्याने आधी पुस्तक लिहिलं होतं. १५८४ मध्ये त्याने दुसरा ग्रंथ काढला तो चेटकिणींच्या नावाखाली म्हाताऱ्या बायांना छळणाऱ्यांच्या विरोधात. चमत्कार म्हणून जे दाखवतात ते माणसाच्या हातांनी होतं, हे पटवायला त्याने गोळ्या, नाणी, पत्ते, गाठी यांच्या युक्त्या सरळ उलगडून लिहिल्या. लंडनमधल्या एका फ्रेंच खेळकऱ्याकडून त्याने काही माहिती मिळवली होती. शिकवणं हा त्याचा हेतू नव्हताच, पण पुढची कितीतरी वर्षं जादूच्या पुस्तकवाल्यांनी त्याचा मजकूर उचलला. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी लिहिलेलं प्रकरण हौशी जादूगारांचं क्रमिक पुस्तक बनलं. महाराष्ट्रात भोंदूबाबांचे ‘चमत्कार’ व्यासपीठावर करून दाखवणारे कार्यकर्ते आपण पाहिले आहेत. त्यांचा हा जुना भाऊबंद.

दिवाणखान्यात पत्त्यांना मान मिळवून दिला तो व्हिएन्नाच्या योहान नेपोमुक होफझिन्सरने (१८०६–१८७५). हा सरकारी अर्थखात्यातला नोकर. संध्याकाळी स्वतःच्या घरी मोजक्या पाहुण्यांसमोर तो खेळ करायचा आणि कार्यक्रमाला नाव होतं ‘फसवणुकीचा एक तास’. पत्त्यांच्या खेळांना तो जादूतलं काव्य म्हणायचा. त्याच्या मृत्यूनंतर टिपणं नष्ट झाली. आज जे उरलं आहे ते शिष्यांच्या आठवणी आणि पत्रं यांतून जमवून १९१० मध्ये ओट्टोकार फिशरने छापलं म्हणून. जादू दिवाणखान्यात आणण्याचं काम इंग्रजीत ‘प्रोफेसर हॉफमन’ने केलं. प्रोफेसर वगैरे काही नाही, हा अँजेलो लुईस नावाचा बॅरिस्टर. मुलांच्या मासिकात त्याने जादूवर लेखमाला लिहिली आणि १८७६ मध्ये तिचं पुस्तक झालं. कॅट कसा धरायचा, नाणं तळव्यात कसं लपवायचं हे पायरीपायरीने सांगणारं पुस्तक सामान्य वाचकाच्या हाती आलं. धंदेवाल्यांनी पोट बुडणार म्हणून ओरड केली. तशी ती दर पिढीत होतेच.

विसाव्या शतकातली नावं थोडक्यात. १९०२ मध्ये शिकागोत एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने पत्त्यांच्या हातचलाखीवर पुस्तक निघालं. लेखक कोण याचा निकाल अजून लागलेला नाही. ते लहानपणीच तोंडपाठ केलेला कॅनडाचा डाय व्हर्नन (१८९४–१९९२) कात्रीने लोकांच्या सावलीचित्रांची कात्रणं कापून पोट भरायचा. १९२२ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात त्याने जगप्रसिद्ध जादूगार हुदिनीला खुद्द पत्त्यावर सही करायला लावली. पत्ता कॅटमध्ये वरून दुसरा ठेवायचा आणि तो सगळ्यात वर यायचा, पुन्हा पुन्हा. तीनदा बघितलेली कुठलीही युक्ती ओळखतो अशी हुदिनीची बढाई होती. तिथे ती संपली. मॅक्स मालिनी हा जादूगार व्हर्ननच्या आधीचा; समोरच्याच्या कोटाचं बटण दातांनी तोडून पुन्हा जागच्या जागी लावून दाखवणारा. युक्ती करायची संधीच मिळाली नाही तर काय करशील, असं विचारल्यावर आठवडाभर थांबेन, असं तो म्हणाल्याचं व्हर्नन सांगायचा.

आता हौशी मंडळी. पॉल करी विमा कंपनीत नोकरीला. त्याची १९४२ ची युक्ती आजही नवशिक्याने सर्वांत आधी शिकावी अशी आहे: पाहणारा स्वतःच पत्ते न बघता, केवळ अंदाजाने लाल आणि काळे अशा दोन ओळी लावत जातो, आणि उलटून बघावं तर बदाम-चौकट एकीकडे, इस्पिक-किलवर दुसरीकडे. बोटांची कसरत जवळजवळ शून्य. अॅलेक्स एल्म्सली संगणकक्षेत्रातला स्कॉटिश माणूस. चार पत्ते चारच मोजून दाखवायचे आणि त्यातला एक कुणाला दिसतच नाही, ही १९५० च्या दशकातली त्याची मोजणी आज जगभर त्याच्याच नावाने ओळखली जाते. व्हर्ननच्या मागे चौदाव्या वर्षी घर सोडून गेलेला पर्सी डायकोनिस पुढे गणिताचा प्राध्यापक झाला आणि १९९२ मध्ये डेव्ह बायरबरोबर त्याने दाखवून दिलं की कॅटचे दोन भाग करून एकमेकांत मिसळायचे झाले तर सातदा तरी पिसावे लागतात, तेव्हा कुठे ५२ पत्ते नीट मिसळतात.

आपल्या घराघरांत चालणारी २१ पत्त्यांची जादू मात्र कुणा एकाची नाही. सात-सात पत्त्यांच्या तीन रांगा, आडवे वाटत जायचं. मनातला पत्ता कुठल्या रांगेत ते विचारायचं, ती रांग दोन रांगांच्या मध्ये घालून उचलायची. असं तीनदा, आणि मग अकरावा पत्ता. अशा ढिगांच्या युक्तीचं गणित जेर्गोन या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. पहिल्या खेपेनंतर पत्ता आठ ते चौदा या जागांत अडकतो, दुसऱ्या खेपेनंतर दहा ते बारा. तिसऱ्यांदा मांडला की तो कुठल्याही रांगेत असो, त्या रांगेतला चौथाच. जाणकार या युक्तीला नाक मुरडतात, आणि कंटाळवाणी ती आहेच. पण दोष युक्तीचा नाही, अकरापर्यंत मोजत बसण्याचा आहे. तिसऱ्यांदा बोट दाखवताच पत्ता तुम्हाला कळलेला असतो. तो गोळा करता करता तळाशी न्या, खिशात घाला, आजीच्या चष्म्याच्या घराखाली सरकवा. मोजायची गरजच नाही.

१९९७ मध्ये डेव्हिड ब्लेन या जादूगाराने अमेरिकन टीव्हीवर रस्त्यावरची जादू दाखवली तेव्हा कॅमेरा हातांइतकाच बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर रोखलेला होता. त्यानंतर पत्ते, रबरबँड, नाणी हे सगळं पुन्हा तरुण पोरांच्या खिशात आलं. आता रीळवरून शिकणारे आहेत. त्यात एक अडचण अशी की रीळमधली बरीच जादू एकाच कोनातून, एकाच फोनसाठी बसवलेली असते. डाव्या-उजव्या बाजूला माणूस बसला की पत्त्याची कड दिसते. दिवाणखान्यात तर सतरंजीवर चारी बाजूंना माणसं असतात, आणि एखादं पोर हमखास पाठीमागे. तिथे पॉल करीची युक्ती चालते, २१ पत्ते चालतात, आणि बोटं तयार असतील तर बोंडाच्या वाट्याही.