अमेरिकेत 'गोरा' कोण, हे कसं ठरत गेलं : पार्श्वभूमी

1970 च्या अमेरिकन जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांमधे धरलं होतं, 1980 ला त्यांना 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना मिळाला, आणि त्याच्या आधी 1920 ते 1940 च्या तीन जनगणनांत तर 'हिंदू' हा चक्क वंश होता, त्यात शीख मुसलमान सगळे कोंबलेले. माणसं तीच, कातडी तीच.

गुलामगिरी, कवट्या मोजून वंश ठरवणारे युरोपातले पंडित वगैरे भाग सगळ्यांना माहीत आहे, तो सोडतो. खरा घोळ नागरिकत्वाच्या कायद्याचा. 1790 च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसांना नागरिक होता येत होतं, 1870 ला त्यात आफ्रिकन वंशाचे लोक जोडले, मग मधले जे उरले त्यांनी कोर्टात जाऊन आपण गोरे आहोत हे सिद्ध करत बसायचं. चिनी माणसाला 1878 ला नाही म्हटलं, आर्मेनियन लोकांना 1909 ला हो, एका पारशाला 1910 ला हो, सीरियन माणसाला खाली नाही आणि 1915 ला वर अपिलात हो.

1922 ला एक जपानी माणूस सगळ्यात वरच्या कोर्टात गेला. त्याचं म्हणणं, माझी कातडी तुमच्यातल्या कितीतरी जणांपेक्षा उजळ आहे. कोर्ट म्हणालं रंगावर काही नसतं, गोरा म्हणजे कॉकेशियन (वंशतज्ज्ञांनी युरोपीय वगैरे लोकांच्या गटाला दिलेलं नाव), आणि जपानी त्यात बसत नाही. झालं, तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी 1923 ला, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेल्या एका पंजाबी शीख माणसाची केस आली, आणि त्याचा मुद्दा सरळ होता की तुमचेच तज्ज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणतात, तर मग मी गोरा. त्यावर तेच कोर्ट म्हणालं की शास्त्रज्ञ काही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. निकाल लिहिणारा न्यायाधीशही दोन्ही वेळी एकच! मला तरी हे आधी उत्तर ठरवून मग कारण शोधल्यासारखं वाटतं.

पण त्या शीख माणसाची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती, हे आपल्याकडे सांगताना गाळतात. त्याच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद असा, की मी उच्च जातीचा आहे, आमच्यात रक्ताची सरमिसळ होत नाही, आणि आम्ही भारतातल्या आदिवासींकडे तसेच बघतो जसे तुम्ही काळ्यांकडे बघता. म्हणजे गोरेपणाचा पुरावा म्हणून जात! भेदभावाची भिंत पाडा असं तो म्हणतच नव्हता, मला तेवढं आत घ्या एवढंच.

निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं, आणि नागरिक होऊ न शकणाऱ्यांना जमीन घ्यायला बंदी करणारा कायदा कॅलिफोर्नियात आधीपासून होताच, त्यामुळे तिथली शेतीही धोक्यात आली. त्या माणसाला 1936 ला माजी सैनिकांसाठीच्या कायद्यातून नागरिकत्व मिळालं, वंश तोच ठेवून. बाकी भारतीयांना 1946 ला दार उघडलं, तेही वर्षाला 100 जणांचा कोटा ठेवून, आणि वंशाची अट पूर्ण गेली 1952 ला.

पुढे चक्र उलटं फिरलं. जनगणनेत आधी मोजणीला दारात आलेला सरकारी माणूस समोरच्याला बघून वंश लिहायचा, 1960 पासून बहुतेक लोक स्वतःच फॉर्म भरायला लागले. 70 च्या दशकात तिथल्या भारतीय संघटनांनीच मागणी केली की आम्हाला गोऱ्यांत धरू नका, कारण त्यात धरलं की अल्पसंख्याकांसाठीच्या योजना मिळत नव्हत्या (याला आपल्याच लोकांचा विरोधही होता). 2000 पासून एकापेक्षा जास्त रकान्यांवर टिक करता येते. आणि 2024 ला मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेच्या लोकांसाठी वेगळी कॅटेगरी मंजूर झाली, ती मागणाऱ्यांत सीरियन वंशाचे लोकही होते.