मराठी चित्रपटाचा लक्ष्यप्रेक्षक

चित्रपट कोणासाठी काढला आहे, तो प्रेक्षक कोठे राहतो, कोणाबरोबर आणि कोणत्या दिवसांत चित्रपटगृहाकडे वळतो, याचा अंदाज बांधून निर्मिती, वितरण आणि जाहिरात यांची आखणी करण्याच्या पद्धतीस लक्ष्यप्रेक्षकाची निश्चिती म्हणतात. हॉलिवुडमध्ये या अंदाजाला सर्वेक्षणाचा आधार असतो. तेथे स्त्रिया आणि पुरुष, २५ वर्षांच्या आतील आणि त्यावरील असे प्रेक्षकांचे चार भाग पाडले जातात. प्रदर्शनापूर्वी निवडक प्रेक्षकांना चित्रपट दाखवून त्यांची मते नोंदवली जातात आणि प्रसंगी शेवटही बदलला जातो. मराठीत ही चौकट अपुरी पडते. मराठी प्रेक्षकाला हिंदी कळते, आणि त्याच चित्रपटगृहात, त्याच आठवड्यात कितीतरी पट खर्चाचा हिंदी चित्रपट त्याच्यासाठी उभा असतो. त्यामुळे वय आणि लिंग यांच्याही आधी, हा माणूस नेमक्या याच चित्रपटासाठी घराबाहेर का पडेल, हा प्रश्न मराठी निर्मात्याला सोडवावा लागतो.

या प्रश्नाची जाण दादासाहेब फाळके यांना पहिल्याच चित्रपटाच्या वेळी होती. मुंबईच्या गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांनी रंगभूमीमुळे आणि पुराणकथनामुळे घरोघरी ठाऊक असलेली कथा निवडली. नाटकाला सरावलेल्या प्रेक्षकाला तीन आण्यांत थोडा वेळ चालणारा मूकपट महाग वाटतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र असे आकडे मांडले, असे सांगितले जाते. पैशाचा मोबदला काय मिळणार, हे प्रेक्षकाच्या हिशेबी भाषेत सांगण्याची ही युक्ती आजच्या कोणत्याही जाहिरात-मोहिमेच्या तोडीची आहे.

प्रभात फिल्म कंपनीने १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरुवात केली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास आली. तिने प्रेक्षकांची विभागणी भाषेवरून केली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. पुढे ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला आणि ‘शेजारी’ ‘पडोसी’ झाला. एकाच कथेवर दोन बाजारपेठा मिळवण्याचा हा मार्ग होता. ‘संत तुकाराम’ (१९३६) मात्र वारकरी संप्रदायामुळे आधीच तयार असलेल्या श्रोतृवर्गाला प्रेक्षक बनवणारा चित्रपट ठरला. ज्यांच्या तोंडी अभंग होते, त्यांना कथेची ओळख करून देण्याची गरज नव्हती. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला.

स्वातंत्र्यानंतरच्या तमाशापटांचा प्रेक्षक गावोगावच्या जत्रांतला आणि मुंबईच्या गिरणगावातला होता. अनंत माने दिग्दर्शित ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. ग्रामीण भागात चित्रपट टूरिंग टॉकीजच्या तंबूतून पोहोचे. तेथे जाहिरातीची साधने म्हणजे गाडीवर बांधलेला कर्णा, हातात वाटलेली पत्रके आणि भिंतीवर रंगवलेली नावे. आणि प्रदर्शनाचे वेळापत्रक म्हणजे ग्रामदैवताच्या यात्रेची तिथी. सुगीनंतर हातात पैसा असतो आणि पाहुणे घरी आलेले असतात, हे तंबूवाल्याला कोणत्याही पाहणीशिवाय ठाऊक होते. शहरात लालबागचे भारतमाता चित्रपटगृह हे मराठी चित्रपटांचे हक्काचे ठिकाण होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर तेथील कामगारवस्ती विखुरली, आणि तिच्याबरोबर पाळी संपवून थेट खेळाला येणारा प्रेक्षकही पांगला. मराठी चित्रपटाच्या इतिहासात या नुकसानीची नोंद हवी तेवढ्या ठळकपणे घेतली जात नाही.

विवाहित स्त्रिया हा मराठीतील सर्वांत निष्ठावान, पण फार काळ दुर्लक्षित राहिलेला प्रेक्षकवर्ग होय. विजय कोंडके दिग्दर्शित ‘माहेरची साडी’ (१९९१) हा एका राजस्थानी चित्रपटावर आधारलेला होता. अलका कुबल यांनी साकारलेल्या सासुरवाशिणीचे दुःख पाहण्यासाठी खेड्यापाड्यांतून बायका घोळक्याने आल्या. येथे एका तिकिटामागे आई, सासू, जाऊ, शेजारीण अशी साखळी असते, आणि तिचा प्रसार पाणवठ्यावरच्या, दारातल्या बोलण्यातून होतो. तीन दशकांनंतर केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ने (३० जून २०२३) हीच साखळी पुन्हा जोडली. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही कथा श्रावणाच्या तोंडावर प्रदर्शित झाली. भिशी मंडळे, महिला मंडळे आणि सोसायट्यांतील मैत्रिणींचे गट नऊवारी नेसून, काळे चश्मे लावून चित्रपटगृहांत आले आणि त्यांनी तेथे काढलेल्या चित्रफिती समाजमाध्यमांवर पसरल्या. निर्मात्यांच्या मोहिमेइतकेच काम या प्रेक्षकांनी स्वतः केले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

प्रदर्शनाची तारीख हे लक्ष्यप्रेक्षक गाठण्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जोखमीचे साधन आहे. शिवकालावरील ‘पावनखिंड’ शिवजयंतीच्या आदल्या दिवशी, १८ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. दहावी-बारावीच्या परीक्षांचा काळ टाळणे, मेच्या सुट्टीसाठी मुलांचा चित्रपट राखून ठेवणे, गणपतीच्या दहा दिवसांत नवे काही न आणणे, हे संकेत वितरक सहसा पाळतात. दिवाळी हिंदीतील मोठ्या ताऱ्यांची म्हणून मराठी निर्माते बहुधा मागे सरतात. तरीही ‘कट्यार काळजात घुसली’ १२ नोव्हेंबर २०१५ रोजी, सलमान खानच्या चित्रपटाच्याच दिवशी आला आणि टिकला. नाट्यसंगीत ऐकत वाढलेले, मूळ नाटक पाहिलेले किंवा त्याची पदे घरी ऐकलेले कुटुंब हा त्याचा प्रेक्षक होता, आणि तो दुसऱ्या चित्रपटाच्या रांगेत उभा राहणारा नव्हता.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चे (२९ एप्रिल २०१६) उदाहरण यापेक्षा वेगळे आहे, कारण त्याने ठरलेल्या वर्गांची सीमाच पुसली. नायक-नायिका अनोळखी, बोली करमाळ्याकडची. म्हणजे शहरी मल्टिप्लेक्सच्या रूढ हिशेबात न बसणारा ऐवज. मात्र अजय-अतुल यांची गाणी आधी आली आणि ऐन लग्नसराईत वरातीपुढे वाजू लागली. परीक्षा संपलेला तरुण वर्ग तिकीटबारीवर आला, त्याच्यामागून घरची मंडळी आली. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या चित्रपटगृहात मध्यरात्री १२ आणि पहाटे ३ चे खेळ लावावे लागले. १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट होय. निमशहरी तरुण आपल्या गावची भाषा पडद्यावर ऐकण्यासाठी पैसे मोजतो, ही गोष्ट त्यापूर्वी व्यवसायाने गंभीरपणे धरली नव्हती.

वितरणाच्या जुन्या विभागणीत महाराष्ट्र एकसंध नाही. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्र बॉम्बे सर्किटमध्ये (सर्किट म्हणजे वितरणाचा विभाग), विदर्भ सीपी-बेरारमध्ये, म्हणजे जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या विभागात, आणि मराठवाडा निझाम सर्किटमध्ये मोडतो. भाषावार राज्य १९६० मध्ये झाले तरी चित्रपटाचा नकाशा संस्थानी आणि ब्रिटिश काळातलाच राहिला. परिणामी मुंबई-पुणे डोळ्यांसमोर ठेवून आखलेली प्रसिद्धी नांदेड किंवा यवतमाळपर्यंत पोहोचेतो चित्रपट उतरलेला असतो. खेळ मिळणे हाही मोठा प्रश्न आहे. राज्य शासनाने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन घातले. पण कामाच्या दिवशी दुपारी लागलेला खेळ नोकरदारांच्या उपयोगाचा नसतो, आणि पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत तर पुढच्या आठवड्यात तोही जातो. म्हणून जाहिरातीचा बहुतेक पैसा पहिल्या शुक्रवारच्या आधीच खर्च होतो.

हा पैसा कोठे घालावा, हे गेल्या दोन दशकांत दूरचित्रवाणीने ठरवले. वाहिनीच निर्मितीत उतरल्यामुळे मालिकांच्या मधल्या वेळेत गाणी, झलका आणि कलाकारांच्या भेटी विनासायास दाखवता येऊ लागल्या. ‘चला हवा येऊ द्या’सारख्या कार्यक्रमात नव्या चित्रपटाचा संच येणे हा प्रसिद्धीचा ठरलेला टप्पा झाला. या मार्गाने संध्याकाळी घरी मालिका पाहणारा प्रेक्षक मिळतो, पण तो चित्रपटही लवकरच घरी दिसेल या भरवशावर थांबण्याचा धोका त्यातच आहे. यूट्यूबवर झलक कोणत्या शहरातून किती पाहिली गेली, हे आता निर्मात्याला कळते. झलक पाहणारा आणि तिकीट काढणारा हे दोघे एकच असतात असे मात्र नाही.

परदेशस्थ मराठी प्रेक्षकांची गणना तुलनेने सोपी आहे. अमेरिकेत १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेली शहरोशहरची मंडळे सभासदांना निरोप पाठवतात, शनिवार-रविवारचा एखादाच खेळ ठरतो, आणि किती कुटुंबे येणार याचा बऱ्यापैकी नेमका अंदाज पडदा भाड्याने घेण्यापूर्वीच बांधता येतो.