काळी पडते ती बुरशी नव्हे

पावसाळ्यात ओट्यावर विसरलेला पाव तीन-चार दिवसांत पांढऱ्या कापसाने भरतो आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके उमटतात. ही बहुधा रायझोपस नावाची बुरशी. 2021 मध्ये पुण्यातल्या रुग्णालयांत कोविडपाठोपाठ म्युकरचे, म्हणजे तेव्हा ज्याला 'काळी बुरशी' म्हटलं गेलं त्या आजाराचे, रुग्ण येऊ लागले, त्यामागे मुख्यतः हेच कूळ होतं. तेव्हापासून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, म्युकर म्हणजे शुगर आणि स्टेरॉइड. धडधाकट माणसाला त्याचं काय?

समजा, कात्रजच्या घाटात भर पावसात दुचाकी घसरली. पाय चिरडला, जखमेत चिखल, मुरूम, गवताच्या काड्या खोल गेल्या. पोरगा पंचविशीचा, शुगर नाही, काही नाही. एरवी या बुरशीचे बीजाणू रोज आपल्या श्वासातून आत जातात आणि पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. चिरडलेल्या स्नायूत रक्तच पोचत नाही, तर पेशी कुठून पोचणार? बीजाणू रुजतात, तंतू रक्तवाहिन्यांत घुसतात, गुठळी होते आणि पुढचं मांस उपाशी मरतं. काळा रंग त्या मेलेल्या मांसाचा. बुरशी जखमेवर दिसलीच तर पांढुरकी, पावावरच्यासारखी.

22 मे 2011 ला अमेरिकेतल्या जॉपलिन शहरावर टोर्नेडो आला. जखमींपैकी 13 जणांना जखमेत असाच म्युकर झाला, 5 दगावले. दोघांना मधुमेह होता, पण प्रतिकारशक्ती खालावलेलं कुणीच नव्हतं. बुरशी होती रायझोपसच्याच गटातली, अपोफायसोमायसिस. गंमत म्हणजे या प्रजातीची पहिली ओळख 1979 मध्ये भारतातच झाली, आंब्याच्या बागेतल्या मातीतून! तिची चुलत बहीण सॅक्सेनिया, तीही 1953 मध्ये मध्य प्रदेशातल्या सागर शहराजवळच्या जंगलातल्या मातीत सापडलेली.

निदानात खरी मेख आहे. वरवर कापूस फिरवून घेतलेल्या स्वॅबवर भागत नाही, मांसाचा तुकडाच लागतो. तोही लॅबमध्ये बारीक चिरायचा, वाटायचा नाही. या तंतूंना आडव्या भिंती जवळजवळ नसतात. वाटले की आतला ऐवज सांडून ते मरतात आणि प्लेटवर काहीच उगवत नाही. अपोफायसोमायसिस तर उगवूनही बीजाणू धरत नाही, तिला पाण्याच्या अगारवर (अन्नांश जवळजवळ नसलेल्या जेलीवर) उपाशी ठेवावं लागतं. अशी ओळख पटवणं मुरलेल्या माणसाचं काम. (आपल्या आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, हे किती पुणेकरांना ठाऊक असेल?)

उपचारात सुरी आधी. मेलेलं मांस पुनःपुन्हा काढायचं, जोडीला अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध. नायट्यावर सर्रास मिळणारी फ्लुकोनॅझोलची गोळी इथे निकामी.

म्हणून माखलेली जखम अँटिबायोटिक चालू असतानाही कडेने काळी पडत चालली, तर तुकडा तपासायला पाठवता का, असं डॉक्टरांना विचारावं. आणि आत माती गेली होती, हे आवर्जून सांगावं. केसपेपरवर बरेचदा एवढंच असतं: आरटीए, म्हणजे रस्ते अपघात.