कण फ्रीझरमधून काढलेत? झाकण लगेच उघडू नका

पीएलजीए म्हणजे शरीरात हळूहळू विरणारं पॉलिमर; त्याच्या सूक्ष्मकणांत औषध भरलं की ते सावकाश सुटतं. आमच्याकडून हे कण नेणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास येते. पहिल्या प्रयोगात सगळं छान, महिन्याभराने तीच बाटली काढली तर गुठळ्या, आणि औषध ठरल्यापेक्षा भराभर सुटतंय. बॅच बिघडली का?

त्याच बॅचचा राखून ठेवलेला नमुना आम्ही तपासतो. तो बहुतेक वेळा ठणठणीत निघतो. मग विचारतो, फ्रीझरमधून काढल्यावर बाटली किती वेळाने उघडलीत? उत्तर ठरलेलं: लगेच.

घोळ तिथेच आहे. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लाच्या या साखळीतले एस्टर बंध पाण्याने तुटतात. शरीरात हेच हवं असतं, बाटलीत नको असतं. खोली २५ अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर दवबिंदू साधारण १७ अंशांवर येतो. उणे २० अंशांवरची बाटली अशा हवेत उघडली की बाष्प थेट कणांवर बसतं. दिसत काहीच नाही. झाकण लावून बाटली परत आत जाते, ओलाव्यासकट. दर खेपेला थोडी भर. ओलं पॉलिमर कमी तापमानालाच मऊ पडतं, म्हणून कण चिकटतात. आणि बंध तुटून तयार होणारं आम्ल पुढची तोडफोड आणखी वाढवतं.

तेव्हा बाटली पाकीट न फोडता डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. लहान बाटलीला निदान १ तास द्या, मोठीला जास्त. हाताला गार लागतेय तोवर थांबा. घाई म्हणून ओव्हनमध्ये किंवा गरम पाण्यात धरू नका, त्यानेही कण चिकटतील. हवं तेवढं मोजून घ्या, झाकण घट्ट लावा, सिलिका जेल बदला. पाण्यात कालवलेले कण उद्यासाठी ठेवू नका.

‘एवढ्याशा बाटल्या का देता, खर्च वाढतो’ असंही ऐकवलं जातं. वाढतो, मान्य. पण एका प्रयोगाला एक बाटली असली की पुन्हा उघडायची वेळच येत नाही, आणि वाया गेलेल्या महिन्यापुढे बाटलीची किंमत काहीच नाही. मोठी मागणी असेल तर कोरड्या नायट्रोजनखाली वाटून देतो; ऑर्डर देतानाच सांगा. ल्युप्रोलाइड या प्रोस्टेट कर्करोगावरच्या औषधाचं महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शन (अमेरिकेत १९८९ साली मान्यता) याच घराण्यातल्या पॉलिमरचं. त्यातही कण कोरडे ठेवलेले असतात, द्राव वेगळा, आणि टोचायच्या आधी मिसळायचा. (आमचा माल मात्र फक्त प्रयोगशाळेसाठी, माणसाला टोचायचा नाही.)

लॅक्टिक आणि ग्लायकोलिकच्या प्रमाणाबद्दल थोडक्यात. ५०:५० सर्वांत लवकर विरतं, साधारण १ ते २ महिन्यांत. ७५:२५ ला ४-५ महिने लागू शकतात. पण नुसत्या आकड्यावर निवड करू नका. रेणुभार आणि साखळीचं टोक बदललं की वेळही बदलते, आम्ल-टोकाचं पॉलिमर एस्टर-टोकाच्या आधी विरतं. औषध कोणतं आणि किती दिवस पुरवायचंय ते सांगा, प्रकार आम्ही सुचवतो. पहिल्याच दिवशी थोडं औषध एकदम सुटणं हा दोष नव्हे. पृष्ठभागाजवळचं औषध आधी निघतंच.

तरीही शंका असेल तर उघडलेली बाटली पाठवू नका, तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्याच बॅचची न उघडलेली बाटली पाठवा. तिच्यातला ओलावा मोजून प्रमाणपत्रावरच्या आकड्याशी ताडून पाहू.