पार्टिशन (हार्ड डिस्कचे)

एकाच हार्ड डिस्कवरील जागेचे विभाग पाडून प्रत्येक विभाग स्वतंत्र ड्राइव्हप्रमाणे वापरण्याची पद्धत. विभाग डिस्कवर कोरलेले नसतात. कोणता विभाग कोठे सुरू होतो व किती सेक्टरांचा (डिस्कवरील साठवणीच्या लहानात लहान तुकड्यांचा) आहे, एवढी नोंदच डिस्कच्या आरंभी असते. सातबारा फोडला तरी शिवार तेच राहते, तसे.

या पद्धतीचा उगम सहसा १९८३ मधील आयबीएम पीसी एक्सटी व त्याबरोबरच्या डॉस २.० या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दाखवतात. मात्र १९७० च्या दशकात युनिक्सवरही डिस्कचे भाग पाडले जात. त्यांच्या सीमा ड्रायव्हरमध्येच (डिस्क हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्येच) लिहिलेल्या असत. सीमांची नोंद खुद्द डिस्कवर असणे हे लक्षण मानल्यास, निदान पीसीपुरता १९८३ हाच आरंभ धरणे सयुक्तिक ठरते. एक्सटीच्या १० मेगाबाइटच्या डिस्कवर डॉसशेजारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम नांदावी, हा तेव्हाचा हेतू होता.

ही नोंद मास्टर बूट रेकॉर्ड नावाच्या ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरात असते. ४४६ बाइटांनंतर १६ बाइटांच्या चार नोंदी व शेवटी दोन बाइटांची खूण, अशी तिची रचना आहे. चारच नोंदी असल्याने मुख्य पार्टिशनेही चारच. एका नोंदीत अनेक लॉजिकल ड्राइव्ह सामावणारे एक्स्टेंडेड पार्टिशन ही त्यावरची पळवाट. तिचे श्रेय सामान्यतः डॉस ३.३ ला (१९८७) देतात. त्या काळी डॉसचे एक पार्टिशन ३२ मेगाबाइटांपलीकडे जात नसल्याने मोठ्या डिस्कवर ‘डी’, ‘ई’ पाडणे भागच होते. सेक्टरांचे आकडे ३२ बिटांचे असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरांवर ही पद्धत सुमारे २.२ टेराबाइटांवर थांबते.

इंटेलच्या ईएफआय (संगणक सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या) प्रकल्पातून आलेल्या जीपीटी (जीयूआयडी पार्टिशन टेबल) या नव्या पद्धतीत हे आकडे ६४ बिटांचे असून सहसा १२८ नोंदींची सोय असते. नोंदींच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतात. जुन्या साधनांनी डिस्क रिकामी समजू नये म्हणून पहिल्या सेक्टरात जुन्या धर्तीची एक राखणदार नोंदही असते.

पार्टिशन लहान करताना आधी फाइल सिस्टिम (पार्टिशनमधील फाइलींची मांडणी) आवळतात, मग सीमा सरकवतात. वाढवताना क्रम उलटा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘सी’ वाढवायला लगत उजवीकडे कोणत्याही पार्टिशनमध्ये नसलेली मोकळी जागा लागते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असल्यास पर्याय पुसट दिसतो. पार्टिशन काढल्यावर सहसा नोंदच जाते, त्यामुळे त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत फाइली परत मिळण्याची शक्यता असते. एसएसडीवर मात्र ती बरीच कमी.